खोटं आहे हे माहीत असूनही अंगाला का कळत नाही? (भयपट आणि आपलं शरीर)

शिरीषसावली · रविवार, सकाळी १०.१५

काल रात्री दोन भाच्यांना घेऊन थिएटरात भयपट पाहिला. सिनेमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तो चांगला की वाईट ही चर्चा नको आहे. मला बोलायचं आहे ते माझ्या अंगाचं काय झालं त्याबद्दल.

कथा मला आधीच ठाऊक होती. थोरल्या भाच्यानं आठवडाभर आधी सगळी सांगून ठेवली होती. माळ्यावरच्या दारामागं काय आहे, ते कधी उघडणार, सगळं माहीत. तरी ती बाई त्या दाराकडं चालायला लागली आणि माझं तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळ्याला चिकटली. तळहात ओले, बोटं मात्र गारठलेली. पोटात गोळा. खांदे कानांपर्यंत वर चढले होते, ते मला नंतर मान दुखायला लागली तेव्हा कळलं. दार उघडलं तशी मी खुर्चीतून उडालेच, आणि धाकट्याचं मनगट इतकं घट्ट आवळलं की त्यावर माझ्या बोटांचे वळ उठले. मध्यंतरात घड्याळ पाहिलं तर बसल्या जागी ११८ ठोक्यांची नोंद. एरवी बसलेली असताना माझे ७२-७४ असतात.

सिनेमा सुटल्यावर पाय लटपटत होते. दहा मिनिटं गाडीच सुरू केली नाही. घरी येऊन तीन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. "मावशी, सगळं खोटं असतं गं," असं धाकटा समजावत होता. मला ते प्रत्येक क्षणी माहीत होतं. मग अंगाला का कळलं नाही?

झोप येईना म्हणून वही घेतली आणि आठवतील तसे शब्द लिहीत गेले. अंगावर काटा येणं, तोंडचं पाणी पळणं, छातीत धस्स होणं, बोबडी वळणं, दातखीळ बसणं, हातपाय गार पडणं, दरदरून घाम फुटणं, थिजून जाणं, रक्त गोठणं. लिहिता लिहिता जाणवलं की आपल्या भाषेनं भीती एकट्या मनाकडं ठेवलेलीच नाही. कातडीला, पोटाला, दातांना, गुडघ्यांना वाटून दिली आहे.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे सगळं शरीर का करतं, कोणत्या क्रमानं करतं? आणि दुसरी माझ्या जास्त जिव्हाळ्याची: बाबा ७१ वर्षांचे आहेत, चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. पुढच्या वेळी नातवांबरोबर त्यांनाही यायचंय. नेऊ का?

पिंपळपार · सकाळी १०.५०

ताई, मला वाटतं सगळा मनाच्या तयारीचा प्रश्न आहे. मी असा सिनेमा बघताना स्वतःला सांगत राहतो की या खोलीत कॅमेरा आहे, दिवे आहेत, चौकटीबाहेर माणसं उभी आहेत. मन खंबीर ठेवलं की शरीर मनाचंच ऐकतं.

नाडीपरीक्षा · दुपारी १२.३०

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हा भाग पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवताना शिरीषसावलींनी लिहिले आहेत त्यातलेच निम्मे वाक्प्रचार मी फळ्यावर लिहिते, म्हणून सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पिंपळपार, तुमच्यासारखाच निश्चय चार्ल्स डार्विननं केला होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जाड काचेमागं पफ अ‍ॅडर जातीचा विषारी साप होता. डार्विननं काचेजवळ तोंड नेलं आणि ठरवलं, सापानं झडप घातली तरी हलायचं नाही. काच फुटणार नाही याची खात्री होती. सापानं झडप घातली आणि डार्विन एक-दोन यार्ड मागं उडाला. माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावना शरीरावर कशा उमटतात यावर १८७२ साली त्यानं पुस्तक लिहिलं, त्यात हा प्रसंग आहे. कधीच न अनुभवलेल्या धोक्याच्या नुसत्या कल्पनेपुढं आपली इच्छाशक्ती आणि बुद्धी दोन्ही लुळ्या पडल्या, अशी कबुली त्यानं दिली आहे. ती काच म्हणजे शिरीषसावलींचा पडदाच.

आता क्रम. आधी एक भेद करते, तो मराठीत फार सुंदर आहे: दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं.

दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. कानातून निघालेला संदेश मेंदूच्या बुंध्याशी पोचतो आणि तिथूनच स्नायूंकडं वळतो. विचार करणाऱ्या भागाला त्याची खबर मागाहून लागते. मोठा आवाज झाल्यापासून ३० ते ५० मिलिसेकंदांत पापण्या मिटायला लागतात. एका सेकंदाच्या विसाव्या भागात कुठला निश्चय आडवा येणार? लँडिस आणि हंट या दोन मानसशास्त्रज्ञांनी पिस्तुलाच्या बारानं दचकणाऱ्या माणसांचं वेगवान कॅमेऱ्यानं चित्रण केलं आणि १९३९ साली ते प्रसिद्ध केलं. डोळे मिटतात, मान पुढं येते, खांदे वर चढतात, कोपर आणि गुडघे दुमडतात. ताई, तुमचे खांदे कानाला लागले ते याच साच्यातून. डोळे, मान आणि पोट झाकून घेण्याची ही तऱ्हा आहे.

घाबरणं याहून सावकाश चालतं. मेंदूत दोन्ही बाजूंना, कानशिलाच्या आत, बदामाएवढे दोन पुंजके असतात. त्यांना अ‍ॅमिग्डाला म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही बदामच. डोळ्यांनी-कानांनी टिपलेलं तिथं दोन वाटांनी पोचतं, असं जोसेफ लेडू या मेंदूशास्त्रज्ञांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. एक वाट जवळची आणि ओबडधोबड, दुसरी मेंदूच्या बाह्यपटलातून जाणारी, लांबची पण नीट पारखणारी. पायवाटेनं गेलेली बातमी आधी पोचते: काहीतरी झेपावलं! "अगं, तो सिनेमा आहे" हे हमरस्त्यानं येतं, तोवर शरीर कामाला लागलेलं असतं. लेडू स्वतः नंतर आग्रहानं सांगू लागले की बदाम हे भीतीच्या भावनेचं घर नाही. तिथून शरीराचा बचाव सुरू होतो. मला भीती वाटते आहे ही जाणीव मेंदू त्यापुढं बांधतो. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. म्हणजे तुमचं शरीर बचावाला उभं राहिलं होतं आणि तुम्ही ते आतून अनुभवत होतात.

बचाव कसला, तर लढायचा किंवा पळायचा. हा विचार १९१५ साली वॉल्टर कॅनन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाच्या पुस्तकानं रुळवला. संकटात शरीराला आपोआप सज्ज करणारं मज्जातंतूंचं जाळं, म्हणजे अनुकंपी चेताजाल, क्षणात जागं होतं, आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. पळायचं असेल तर रक्त मांड्यांना हवं, म्हणून पोटातलं आणि कातडीतलं कमी होतं. पोटाची हालचाल मंदावते, तोच तो गोळा. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून बोटं गार आणि चेहरा पांढराफटक. पातळ लाळ आटते. तोंडचं पाणी पळणं हे तर शब्दशः खरं आहे. कोरडी जीभ आणि ताठरलेला घसा यांतून बोबडी वळते. तळहाताच्या घामाचा उकाड्याशी फारसा संबंध नाही, तो भावनांनीच सुटतो. म्हणून बोटांना दोन पट्ट्या लावून त्वचेची विद्युतवाहकता मोजली की भीती आकड्यांत दिसते.

अंगावर काटा तर मला सर्वांत लाडका. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो, तो आखडला की केस उभा राहतो. कुत्रा समोर आल्यावर मांजर असंच फुलतं आणि दुप्पट मोठं दिसतं. आपली लव विरळ झाली, स्नायू मात्र अजून इमानानं काम करतो आहे.

पाय लटपटतात त्याचं कारण अ‍ॅड्रेनलिनचा स्नायूंवर होणारा परिणाम. पळण्याची जय्यत तयारी झाली आणि आपण खुर्चीत बसून राहिलो. रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं, पण ताण आल्यावर कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक २० ते ३० मिनिटांनी शिखराला पोचतं आणि उतरायला तास-दीड तास सहज घेतं. दोन तास असे हिसके बसत राहिले तर रात्री तीनला जागं असण्यात काहीच वावगं नाही.

बाबांबद्दल संध्याकाळी लिहिते. ते घाईत लिहायचं नाही.

तिसरीघंटा · दुपारी २.०५

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. मी हौशी आणि समांतर रंगभूमीवर पंचवीस वर्षं काम करतो आहे. शिरीषताईंची वही वाचून भरतमुनींची यादी आठवली. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे थिजणं, घाम, काटा, आवाज फाटणं, थरथर, रंग उडणं, डोळ्यांत पाणी, आणि शुद्ध हरपणं. डॉक्टरांच्या प्रतिसादाशी जुळवून बघा, जवळजवळ सगळे तिथं आले आहेत.

हे भाव फक्त भीतीचे नाहीत, आनंदातही काटा येतो. पण भयानक रसाचं वर्णन करताना भरत हातापायांचा कंप, चंचल डोळे, रोमांच, उडालेला रंग, बदललेला आवाज हीच चिन्हं सांगतो. सत्त्व मनातून उपजतं आणि त्यासाठी मन एकाग्र व्हावं लागतं, वरवर हातवारे करून ते आणता येत नाही, हेही त्यानं बजावलं आहे. तालमीत आम्ही नटांना हेच सांगतो. थरथर करून दाखवता येते, काटा आणून दाखवता येत नाही.

आणखी एक. भय कशानं उपजतं याची जी यादी भयानक रसाच्या प्रकरणात आहे ती विकृत आवाजापासून सुरू होते. मग भुतांचं दर्शन, कोल्ह्या-घुबडांचं भय, ओसाड घर, अरण्य. माळ्यावरचं दार याच कुळातलं. आणि सुरुवात आवाजापासून आहे, हे मला नेहमी थक्क करतं.

ध्वनिफीत · दुपारी ३.२०

तिसरीघंटा, त्या शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला नमस्कार. मी मुंबईत चित्रपटांच्या ध्वनिसंकलनाचं काम करतो आणि गेली काही वर्षं हेच पटवून देत आलो आहे की भयपट आधी कानांनी बघितला जातो.

प्राणी जिवाच्या भीतीनं ओरडतात तेव्हा आवाज फाटतो. स्वरयंत्राला झेपेल त्यापलीकडं जोर लावल्यामुळं त्यात खरखर येते, पट्टी अचानक उडी मारते. कॅलिफोर्नियातले डॅनियल ब्लमस्टीन हे मार्मट नावाच्या डोंगरी प्राण्यांचे आवाज अभ्यासणारे जीवशास्त्रज्ञ. त्यांनी २०१० साली चित्रपटांचे ध्वनिपट तपासले आणि भयपटांत असे फाटलेले आवाज भरपूर वापरलेले आढळले. संगीतकारांनी प्राणिशास्त्र वाचलेलं नव्हतं, कानाला पटलं ते त्यांनी घेतलं. व्हायोलिनच्या तारेवर गज दाबून ओढला की येणारी किंकाळी आठवा. माणसाच्या किंकाळीवरही काम झालं आहे. आवाजाची तीव्रता सेकंदाला ३० ते १५० वेळा वर-खाली होते तेव्हा कानाला तो खरबरीत लागतो. बोलण्यात हा पट्टा फारसा येत नाही, किंकाळीत तो ठासून असतो आणि मेंदूतले ते बदाम त्याला लगेच प्रतिसाद देतात. गजराच्या घंटाही याच पट्ट्यात कर्कश वाटतात.

आणि शांतता. दार उघडण्याआधी आम्ही पंखा, रातकिडे, लांबचं वाहन, एकेक काढून घेतो. प्रेक्षकाचे कान आपोआप टवकारतात. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात भयपट बघणाऱ्यांचे मेंदू स्कॅन करून पाहिले (२०२०). ताण हळूहळू वाढत असतो तेव्हा बघण्याचे आणि ऐकण्याचे भाग अधिक सक्रिय होत जातात. म्हणजे कान मोठे करून ठेवल्यावर आम्ही तिथं आवाज टाकतो. ताई, एक सुचवतो. तोच प्रसंग कधी घरी मिळाला तर एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा आणि एकदा चालू ठेवून. घड्याळ हातात असू द्या.

पिंपळपार · दुपारी ३.४५

डॉक्टर, डार्विनचा प्रसंग वाचून माझं मत बदललं. पण मग मी कॅमेरा आणि दिवे आठवतो तेव्हा मला खरोखर बरं वाटतं, ते कसं?

नाडीपरीक्षा · दुपारी ४.१०

ते खरंच आहे आणि ते चालू ठेवा. समोरच्या गोष्टीचा अर्थ बदलून पाहिला की कपाळामागचा, सारासार विचार करणारा भाग त्या बदामांना आवर घालतो, आणि भीती उतरते. दचकण्यावर मात्र त्याचा इलाज चालत नाही. एवढं खरं, की आधीपासून घाबरलेला माणूस त्याच आवाजाला जास्त जोरानं दचकतो. म्हणजे तुमचे कॅमेरे आणि दिवे दचकणं थांबवत नाहीत, पण त्याचा जोर कमी करत असतील.

कातळसडा · संध्याकाळी ५.००

माझा अनुभव उलटा आहे. आमच्या सिंधुदुर्गात लहानपणी देवचार आणि मुंज्याच्या गोष्टी ऐकत वाढलो. भुताच्या सिनेमानं मला काही होत नाही, रात्री एकटा सड्यावरून चालत घरी येतो. पण पडद्यावर रक्त दिसलं, सुरी कातडीत गेली, की छाती धडधडत नाही, उलट सगळं संथ होतं. कानात शीळ वाजते, समोर अंधारी येते. दोन वर्षांपूर्वी थिएटरच्या पायरीवर कोसळलो आणि हनुवटीला चार टाके पडले. मित्र अजून त्यावरून बोलतात. मोठ्या माणसाला सिनेमा बघून चक्कर येते याचं मला फार वाईट वाटायचं. तिसरीघंटा यांनी प्रलय हा शब्द लिहिला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे माझ्या एकट्याचं नाही.

नाडीपरीक्षा · संध्याकाळी ५.४०

कातळसडा, हे अजिबात तुमच्या एकट्याचं नाही, आणि यात धीराचा प्रश्नच येत नाही. रक्त आणि जखम दिसल्यावरची प्रतिक्रिया इतर भीतींपेक्षा वेगळी असते. आधी ठोके आणि रक्तदाब थोडे वाढतात, मग हृदयाला सावकाश चालायला लावणारी व्हेगस ही मज्जातंतू जोर धरते, ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब घसरतो, आणि मेंदूला रक्त कमी पडून माणूस कोसळतो. आडवं झाल्यावर रक्त परत पोचतं आणि शुद्ध येते. अनेक घरांत हे पिढ्यान्‌पिढ्या दिसतं, आईवडिलांना विचारून बघा.

याच्यावर साधा उपाय आहे. स्वीडनमध्ये ऑस्ट आणि स्टर्नर यांनी १९८७ साली तो मांडला. अंधारी येते आहे असं वाटताच दंड, मांड्या आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहरा तापल्यासारखा वाटेपर्यंत. मग सोडायचे, पण पूर्ण ढिलं पडायचं नाही. अर्ध्या मिनिटानं पुन्हा. त्यामुळं रक्तदाब वर राहतो. इथं "शांत हो, अंग सैल सोड" हा नेहमीचा सल्ला चुकीचा ठरतो. घरी आधी सराव करा, रक्त काढायला जाल तेव्हाही कामी येईल. मात्र रक्त न बघताच, चालता-फिरता किंवा व्यायाम करताना चक्कर आली तर हृदयाची तपासणी करूनच घ्या.

यावरून राहिलेली एक गोष्ट. ताईंचे ठोके ११८ झाले ते दार उघडल्यावर असणार. त्याआधी, ती बाई चालत असताना, ठोके बहुधा थोडे मंदावले असतील. धोका दिसतो आहे पण अजून अंगावर आलेला नाही, अशा वेळी प्राणी स्तब्ध होऊन टक लावून बघतो आणि त्याचं हृदय सावकाश चालतं. मांजराच्या चाहुलीनं गोठलेलं पिल्लू डोळ्यांसमोर आणा. भरताचा स्तंभ आणि आपलं थिजणं ते हेच.

गवतीचहा · रात्री ८.१५ (नेदरलँड्सहून)

रक्त गोठण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही! मी लायडनला राहते, आणि इथल्याच विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या संशोधकांनी हा वाक्प्रचार चक्क तपासून पाहिला होता. भीतीनं रक्त गोठतं असं बऱ्याच युरोपीय भाषांतही म्हणतात. तिशीपर्यंतच्या २४ निरोगी स्वयंसेवकांना एकदा भयपट आणि एकदा शँपेन कशी बनते यावरचा माहितीपट दाखवला. काहींना आधी हा, काहींना आधी तो, मध्ये आठवड्याचं अंतर. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर रक्त घेतलं. भयपटानंतर ५७ टक्के जणांचा रक्त साकळायला मदत करणारा आठवा घटक वाढला होता, माहितीपटानंतर फक्त १४ टक्क्यांचा. पण प्रत्यक्ष गुठळी तयार होऊ लागल्याच्या इतर चिन्हांत दोन्ही सिनेमांमध्ये फरक दिसला नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या २०१५ च्या नाताळ अंकात हा निबंध आला. मला त्याचा अर्थ असा लागतो की जखम होणार असं गृहीत धरून शरीर आधीच बंदोबस्त करून ठेवतं.

त्याचबरोबर, भयपट बघून कॅलरी जळतात आणि वजन उतरतं असा निरोप गटागटांतून फिरतो, तोही इथं लिहून टाकते. तो प्रयोग सिनेमे भाड्यानं देणाऱ्या कंपनीसाठी झाला होता, फक्त दहा जणांवर. सर्वांत वरचा आकडा पूर्ण सिनेमाभरात १८४ किलोकॅलरींचा होता. नुसतं स्वस्थ बसलेलं माणूसही तासाला साधारण ६० ते ८० किलोकॅलरी खर्च करतं. ज्यांना वजनाची काळजी आहे त्यांना असं काही पाठवणं मला बरोबर वाटत नाही.

मातीचीचूल · रात्री ९.००

मला मुलांबद्दल लिहायचं आहे. माझी मुलगी पाच वर्षांची असताना नातेवाइकांच्या घरी मोठी मुलं टीव्हीवर भयपट बघत होती, तिनं जेमतेम दोन मिनिटं पाहिलं असेल. पुढचे सात महिने ती न्हाणीघराचं दार लावू द्यायची नाही. पोट दुखतं म्हणायची, दोनदा डॉक्टरांकडं नेलं, पोटात काही नव्हतं. घरातली मोठी माणसं म्हणायची, लाड बंद करा, आपोआप जाईल. मला आता कळतंय की ते पोटदुखणं खोटं नव्हतं.

नंतर जोआन कँटर या अमेरिकी संशोधिकेचं काम वाचलं, त्यांनी मुलं आणि पडद्यावरची भीती हाच विषय अनेक वर्षं अभ्यासला. शाळेत जाण्याआधीच्या वयात मूल दिसण्याला घाबरतं. समोरचं राक्षसासारखं दिसलं की पुरे, तो मनानं चांगला आहे हे सांगून उपयोग होत नाही. मोठी मुलं उलट, खरोखर घडू शकेल अशा गोष्टींना घाबरतात. म्हणून "ते खोटं असतं" हे वाक्य पाच वर्षांच्या मुलीसाठी नव्हतंच. तिला जवळ घेऊन झोपवणं, दार अर्धं उघडं ठेवणं, दिवसाउजेडी तिच्याबरोबर न्हाणीघरात जाऊन बादल्या मोजणं, याचा उपयोग झाला. शिरीषसावली, धाकट्याच्या मनगटावर वळ उठले म्हणालात, तो किती वर्षांचा? त्यालाही एकदा शांतपणे विचारा.

अबोलीचागजरा · रात्री १०.३०

मी इथं फारसं लिहीत नाही. मला आठ वर्षांपूर्वी भयाचे झटके यायचे, पॅनिक अटॅक. कुठलाही सिनेमा नसताना, बसच्या रांगेत, छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही, आता आपण मरणार अशी खात्री वाटायची. शिरीषताईंनी जे वर्णन केलं आहे ते मी आठवड्यातून तीनदा जगत होते, आणि पडदा कुठंच नव्हता.

त्या काळात एका बाईबद्दल वाचलं. संशोधनात तिला फक्त एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखतात. दुर्मीळ आजारामुळं तिचे दोन्ही बदाम नष्ट झाले. संशोधकांनी तिला भयपट दाखवले, केंटकीमधल्या एका भुताटकीच्या इमारतीत नेलं, तिला भीती वाटली नाही. सापांच्या दुकानात ती साप हातात घ्यायला पुढं झाली. हे २०११ साली प्रसिद्ध झालं. पण २०१३ मध्ये तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा हुंगायला दिली आणि ती भयानं कासावीस झाली. म्हणजे बाहेरून येणाऱ्या भीतीचं दार बंद असलं तरी आतून, श्वास कोंडण्याच्या जाणिवेतून, भीती येऊ शकते.

हे वाचून मी रडले होते. कारण माझी भीती आतून येत होती आणि सगळे मला बाहेरचं कारण विचारत होते. उपचारांत मला जिने चढून मुद्दाम धडधड आणायला लावली, आणि ही धडधड म्हणजे मरण नाही हे अंगाला पुन्हा पुन्हा शिकवलं. मी आजही भयपट बघत नाही. पण सिनेमानंतर ज्यांची धडधड थांबत नाही त्यांना एक सांगते: श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं. आणि बसून राहू नका, चाला. अंगानं चालण्याची तयारी केलेली असते.

नाडीपरीक्षा · रात्री ११.१०

अबोली, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. उद्या वर्गात तुमचं शेवटचं वाक्य सांगणार आहे.

आता बाबा. निरोगी हृदयाला भयपटाचा ताण झेपतो. ठोके ११८ होणं म्हणजे दोन मजले झपाझप चढल्यासारखं. पण अचानक आलेल्या तीव्र भावनेनं रक्तदाब उसळतो, हृदयाला जास्त प्राणवायू लागतो, आणि ज्याच्या धमन्या आधीच अरुंद आहेत त्याला तो कमी पडू शकतो. शिवाय जबर मानसिक धक्क्यानं हृदयाचा स्नायूच तात्पुरता दुबळा होतो असा एक विकार जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास ओळखला. हृदयाचा आकार तिथल्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो म्हणून त्याला ताकोत्सुबो म्हणतात. तो बहुतेक करून पाळी गेलेल्या स्त्रियांत, आणि सहसा खऱ्या आघातानंतर दिसतो, त्यामुळं सिनेमाच्या बाबतीत घाबरून जाऊ नका.

मी बाबांना तपासलेलं नाही, म्हणून नेऊ का याचं उत्तर मी देणार नाही. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना सरळ विचारा. जिना चढताना छातीत भरून येतं का, गोळ्या वेळेवर घेतात का, गेल्या वर्षभरातली तपासणी काय म्हणते, हे ते बघतील. ठोके मंद ठेवणारी गोळी चालू असेल तर घड्याळात आकडा कमी दिसेल, त्यावर विसंबू नका. आणि कुठंही असलात, छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, असं काही पाच मिनिटांत ओसरलं नाही तर सिनेमाचा परिणाम म्हणून थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

तिसरीघंटा · रात्री ११.३५

एक राहिलं. एवढं होऊनही लोक पुन्हा तिकीट का काढतात?

नाडीपरीक्षा · रात्री ११.५५

डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठात मनोरंजनातल्या भीतीचाच अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. त्यांनी वायले शहरातल्या भुताटकीच्या खेळात ११० जणांच्या अंगावर ठोके मोजणारी यंत्रं लावून पाठवलं (२०२०). भीती अगदी कमी तर मजा नाही, फार जास्त तरी नाही, मधे कुठंतरी मजेचं शिखर. प्रत्येकाचं मधलं ठिकाण वेगळं. आणि डॉल्फ झिलमन या मानसशास्त्रज्ञांचं जुनं म्हणणं असं की अंगातली उत्तेजना लगेच ओसरत नाही, त्यामुळं संकट टळल्यावरची सुटका त्याच जोरानं गोड लागते. नाटक सुटल्यावर तुमचे प्रेक्षक अंगणात जास्त मोठ्यानं बोलतात की नाही?

शिरीषसावली · पुढचा शनिवार, सकाळी ९.३०

सगळ्यांचे किती आभार मानू? आठवडाभर प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले.

मातीचीचूल, धाकटा चौदा वर्षांचा आहे. विचारलं. आधी काही नाही म्हणाला. मग म्हणाला, मलाही झोप नव्हती, पण तू जागी होतीस ते खोलीतल्या दिव्यावरून कळलं म्हणून बरं वाटलं.

ध्वनिफीत, तो प्रसंग पूर्ण मिळाला नाही, पण जाहिरातीच्या तुकड्यात दार उघडतं तेवढा भाग आहे. आधी पाच मिनिटं शांत बसले, ७४. आवाज बंद ठेवून पाहिलं, ७९. पुन्हा पाच मिनिटं बसले आणि हेडफोन लावून पाहिलं, ९८. खांदे परत वर चढले, या वेळी ते मला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्यांदा बघत असूनही आकडा वर गेला.

बाबांच्या डॉक्टरांकडं गुरुवारी गेलो. वर्षाची तपासणी बाकी आहे ती आधी करा, असं ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात चालण्याची चाचणी आहे, तिचा निकाल बघून ठरवू. तोवर बाबांनी माझी वही मागून घेतली आहे. काल रात्री त्यांनी त्यात आणखी चार शब्द लिहिले: धडकी भरणं, गाळण उडणं, गर्भगळीत होणं, आणि जिवाचा थरकाप. अँजिओप्लास्टीच्या टेबलावर झोपवलं होतं तेव्हा यातलं काय काय झालं ते त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं.